न दुखणाऱ्या दाढा

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या मनाची दुखणी बघायला मला समुपदेशक म्हणून नेमलं, तेव्हा मला एक खोली, एक पंखा, दोन खुर्च्या आणि दारावर एक पाटी मिळाली. पाटीवर ठळक निळ्या अक्षरांत ‘मानसिक आरोग्य कक्ष’ असं लिहिलेलं. त्या पाटीने माझे पहिले सहा महिने खाल्ले. लोक दुरूनच ती वाचायचे आणि चाल वाढवायचे. एकदा एक बाप आपल्या मुलाला घेऊन अगदी उंबऱ्यापर्यंत आला, मान वर करून पाटी वाचली, आणि पोराचं बखोट धरून सरळ शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत शिरला. तिथे त्याने पोराचा चांगला धडधाकट हात पुढे केला म्हणे.

मी नागभीडची. जंक्शनाजवळ वाढले, त्यामुळे गाडीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि कुणी न विचारता सल्ला द्यायची खोड तर जन्मापासूनची. समुपदेशकाने हळू बोलावं, शांत राहावं आणि सल्ला देऊ नये, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी वहीत सगळं नीट लिहून घेतलं होतं. पण रिकाम्या खोलीत कुणाशी हळू बोलणार? मी पंख्याखाली बसून स्वतःवरच चिडत असे.

दवाखान्यात एक परिचर होते. वय झालेलं, दाढी पांढरी, सगळा दवाखाना त्यांना चाचा म्हणे. रोज माझं रिकामं टेबल पुसून पुसून त्यांनाच शेवटी माझी दया आली.

“मॅडम, मेंदूच्या दुकानात कोन येईन?” ते म्हणाले. “दातवाल्या डॉक्टरच्या बाजूची खोली खाली हाये. तिकडे बसा. दात तो सबके दुखते.”

दातांचे डॉक्टर वर्षभरापूर्वी बदलून गेले होते. त्यांच्या खोलीला कुलूप, पण पाटी जागेवर आणि समोर लांबलचक लाकडी बाक. मी माझी पाटी जुन्याच खोलीवर ठेवली आणि त्या बाकाशेजारच्या बिनपाटीच्या खोलीत बस्तान हलवलं. गावागावांतल्या आशाताईंच्या कानात सांगून ठेवलं, की पोराला घेऊन या, कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणा.

आणि काय सांगू, लोक आले! रात्रभर झोपत नसलेली पोरं आली, हात धुता धुता साबणाची वडी संपवणारा एक मुलगा आला, आई गेल्यापासून जेवण टाकलेली एक चिमुरडी आली. सोबत आई, बाप, मावशी, जो असेल तो गालावर हात धरून बाकावर बसलेला. एका सोमवारी मी दारातून डोकावले, तर बाकावर आठ माणसं आणि आठही गालांवर आठ हात. कुणी कुणाकडे बघत नाही, मधूनमधून एखादा उगाच ‘स्स्स’ करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगत सुटले होते.

अशाच एका सोमवारी चामोर्शीच्या वाटेवरच्या एका गावातून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी नुकतीच दहावीत गेलेली. दोन घट्ट वेण्या, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळण्याचा चाळा.

“दाढ दुखते जी हिची,” बाप खुर्चीत बसत म्हणाला.

“भाऊ, इथे आत दाढ नाही म्हटलं तरी चालतं,” मी म्हणाले.

त्याने भिंतींकडे एकवार पाहिलं. “तरी दाढच म्हना ना जी.”

मग मुलगीच बोलली. नववीत असताना बाईंनी धडा वाचायला उभं केलं होतं. तिसऱ्या ओळीवर छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. आपण आता मरतो असं वाटलं आणि ती वर्गातून पळाली. तेव्हापासून वर्गात बसलं की तेच. दहावीची शाळा सुरू झाली आणि ती चारच दिवस गेली, चारही दिवस पळून आली.

“मले बाकी काई नाई पायजे मॅडम,” ती म्हणाली. “मले फक्त वर्गात बसून राहता आलं पायजे. घंटी होतवरी.”

बापाने आपली अट घातली. बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत पोरगी वर्गात बसली तर ठीक. नाहीतर दर दिवशी गावासमोर पळत येण्यापेक्षा घरीच बसलेली बरी. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा बघून मला कळत होतं की हे बोलताना त्याचाच जीव खाली-वर होत होता.

जिल्ह्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला तपासलं. हृदय ठीक, सगळं ठीक, हा भीतीचा झटका आहे, त्याने माणूस मरत नाही, लागलं तर औषध देऊ पण आधी शिकवून बघा, म्हणाले. मी तिला श्वास सावकाश सोडायला शिकवू लागले. माझं पुस्तकातलं ‘चार आकडे आत, सहा आकडे बाहेर’ ऐकून ती पहिल्यांदा हसली.

“हे तं चूल फुकल्यासारखं झालं. जोरात फुकलं का राख उडते, हळू फुकलं का इस्तो धरते.”

मी वही मिटली. त्या दिवसापासून आमच्या खोलीत आकडे बंद आणि फुंकणी सुरू. चुलीपुढे जन्म काढलेल्या आया माझ्यापेक्षा बरं शिकवायच्या.

मुलगी शिकत होती, पण शाळेत जायचं नाव काढत नव्हती. कारण घरी दाढ वाढत चालली होती. गावात एखाद्याची दाढ दुखते म्हटल्यावर गाव काही स्वस्थ बसतं का? कुणी लवंगा आणून दिल्या, कुणी कडुनिंबाचं दातून. एका काकूने गालावर चुन्याचा लेप लावला. मैत्रिणी भाजलेले फुटाणे घेऊन यायच्या आणि तिला नुसतं बघत बसावं लागायचं. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, दाढ दुखते तर शाळा काऊन बंद?

“मॅडम, आता मले दोन भेव लागते,” ती एके दिवशी म्हणाली. “एक वर्गातलं, आन एक हे दाढेचं. कोनी पकडलं तं?”

मी हसले आणि म्हणाले, काही दिवस ओढून ने. आज आठवलं की मलाच माझा कान पिळावासा वाटतो. मुलगी मला सरळ सांगत होती की तुमच्या दाढेने माझं दुखणं दुप्पट केलंय, आणि मी आपल्या युक्तीच्या प्रेमात पडून बसले होते.

मग दातांच्या डॉक्टर आल्या. आगाऊ खबर कुणालाच नव्हती. नव्याने नेमणूक झालेली, तिशीही न गाठलेली तरुणी, पहिल्याच सोमवारी सकाळी कुलूप उघडून, खुर्ची झाडून, हातमोजे चढवून तयार. दाराबाहेर पाहते तर काय, बाकभर माणसं गालावर हात धरून बसलेली! पहिल्याच दिवशी एवढे रुग्ण. तिचे डोळे चमकले, असं चाचा नंतर सांगायचे.

मी माझ्या खोलीत त्या साबणवाल्या मुलाशी बोलत होते. मधली भिंत अर्धीच, वरून सगळं ऐकू येई. डॉक्टरांचा उत्साही आवाज आला, “चला, पहिलं कोण? ये गं, तू ये.”

बाकाच्या टोकाला आमची दहावीतली मुलगी होती. बापाने नाही म्हणायला तोंड उघडलं असणार, पण दुसऱ्या टोकाला त्याच्याच गावची एक म्हातारी नातवाला घेऊन गालावर हात धरून बसली होती. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं. आता नाही म्हणायची सोय कुठे? मुलगी आत गेली, खुर्चीवर आडवी झाली.

“आ कर. अरे वा, दात तर किती सुंदर आहेत. कुठली दाढ? ही?”

“नाई.”

“मग ही?” टक टक असा बारीक आवाज.

“नाई.”

डॉक्टर बिचारी मन लावून एकेक दाढ ठोकून बघत होती. मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. जाऊन काय सांगणार होते? पाच-सहा वेळा ‘नाई’ झालं. मग मुलीचा आवाज आला, स्वच्छ आणि मोठा, बाकाच्या टोकापर्यंत पोचेल असा.

“मॅडम, माही दाढ नाई दुखत. एकबी नाई दुखत. मले वर्गात भेव लागते, छाती धडधडते. त्याच्यासाठी मी बाजूच्या मॅडमकडे येते.”

मी दारात धावले. डॉक्टर गोंधळून बाहेर आली, आणि काहीतरी करायचं म्हणून म्हातारीला म्हणाली, “आजी, तुम्ही या. तुमची कुठली दाढ दुखतेय?”

म्हातारीने गालावरचा हात काढला. मग तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. आत दात म्हणून औषधालाही नव्हता.

“दातच नाई तं दुखन काय वो माय?” ती म्हणाली. “हा माह्या नातू अंथरुन ओलं करते, बाप मेला तवापासून. त्याच्यासाठी येते मी. या पोरीनं खरं सांगतलं, तं मी म्हातारी काऊन लबाडी करू?”

चाचांना पहिलं हसू फुटलं. मग एकेक हात खाली यायला लागला. कुणाचा मुलगा, कुणाची भाची. हात धरून धरून एका काकांच्या गालावर लाल वळ उठला होता, तो बघून तर साऱ्या बाकाला हसू आवरेना. डॉक्टर मात्र कमरेवर हात ठेवून विचारत होती, “म्हणजे खरी दाढ एकाचीही दुखत नाही?” मी हसता हसता रडले. इतका आनंद मला त्या दवाखान्यात तोवर झाला नव्हता.

हसला नाही तो एकटा मुलीचा बाप. त्याने तिचा हात धरला. “आता गावभर होईन,” एवढंच म्हणाला आणि तिला घेऊन निघून गेला. पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. लपवाछपवीची युक्ती माझी आणि भोगणार ती पोरगी, या विचाराने मला घास गोड लागेना.

म्हातारी मात्र नातवाला घेऊन वेळेवर हजर. मी विचारलं तर म्हणाली, “रोवना सुरू हाये जी. पोट्टी बांधीत हाये, बाप बी तिथीच हाये. तुमीच या ना. दवाखान्यात बोलावता म्हून का गावात याले मनाई हाये?”

मी रविवारी त्यांच्या भाताच्या खाचरावर गेले. बाप धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून धानाच्या पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, पेंड्या चिखलात टाकत होता. मला पाहून त्याने रामराम केला आणि तोंड फिरवलं. चिखलात पंधरा-वीस बाया एका ओळीत वाकलेल्या, पऱ्हे रोवत मागे मागे सरकत होत्या. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

रोवताना माना खाली असतात. शेजारणीचा फक्त हात दिसतो आणि चिखलातले पाय. कोण लाजलं, कोण रडलं, कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे जे बोललं जातं ते ओसरीवर बसून कधी बोललं जात नाही. मी माझ्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून पोरांच्या तोंडाकडे टक लावून बसायचे, तेव्हा त्यांना किती जड जात असेल, हे मला गुडघाभर चिखलात उभं राहिल्यावर कळलं.

म्हातारी माझ्या उजवीकडे होती. तिनेच सुरुवात केली, आणि बापाला ऐकू जावं अशा आवाजात.

“नवी नवरी होती मी, तवा बाजारात गेली का मले असंच होये. छाती धडधडे, डोळ्यापुढं अंधारी. लोक म्हनत, अंगात येते. कोंबडं कापलं माह्यासाठी. मले का कोंबडं पायजे होतं? मले कोनी विचारलं पायजे होतं.”

ओळ एक पाऊल मागे सरकली. मग पलीकडून कुणी म्हणालं, माझ्या भावाला असं होई, त्याने शाळा सोडली, आता पस्तावतो. आणखी एक म्हणाली, पहिलं पोर झाल्यावर मी महिनाभर रडत होते, सासूला वाटे काम चुकवते. आणि मग मीही बोलले. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी हातातली नळी टाकून पळाले होते. बाथरूममध्ये कडी लावून बसले होते. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

“तुमी?” मुलगी वाकल्या वाकल्या म्हणाली. “एवढ्या मोठ्यानं बोलनाऱ्या तुमी?”

“त्या दिवशी आवाजच फुटला नाही गं.”

ती हसायला लागली, तिला पाहून बाकीच्या. तेवढ्यात पऱ्ह्याची एक पेंडी माझ्या पुढ्यात अशी आदळली, की नखशिखान्त चिखल झाला. मी मान वर केली. बाप धुऱ्यावर उभा होता, डोळे ओले आणि ओठ दाबून हसू आवरत.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुमची ओळ लय वाकडी जाऊन राह्यली. रोवन्यापेक्षा दवाखानाच बरा तुमाले. सोमवारी येतो आमी.”

मी रोवलेले ते पऱ्हे त्याने नंतर उपटून पुन्हा लावले, असं मुलीने मला सांगितलं.

पुढचे महिने मजेचे होते आणि कष्टाचेही. मी खोलीतल्या खुर्च्या एका बाजूला, खिडकीकडे तोंड करून लावल्या. पोरं बाहेरच्या गाड्या बघत बघत बोलायला लागली. मुलीच्या वर्गशिक्षिकेला भेटून मी दाराजवळची जागा मागून घेतली. मुलीने मैत्रिणींना सगळं खरं सांगितलं होतं, त्यामुळे आता पळावं लागलं तरी कारण शोधावं लागत नव्हतं. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं बसली. त्या आठवड्याच्या शेवटी अर्धा तास. मध्ये एकदा सलग तीन दिवस पळाली आणि माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. मी सल्ला द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्या मते तो माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा पराक्रम होता. दिवाळीआधी ती पूर्ण तास बसू लागली, आणि बापाने फॉर्म भरला.

पण वर्ग वेगळा आणि बोर्डाची परीक्षा वेगळी. केंद्र दुसऱ्या गावी, अनोळखी बाई पहारा देणार, आणि तीन तास. पहिल्या पेपरच्या दिवशी माझं कशातच लक्ष लागेना. चाचांनी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला.

दुपारच्या बसने ते दोघं थेट दवाखान्यात आले. मुलीच्या बोटांना शाई, एक वेणी सुटलेली. ती खिडकीकडच्या खुर्चीत बसली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “आलतं जी. दुसऱ्याच प्रश्नाले आलतं. लय जोरात.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काई नाई. हात थरथरत होते, तं पेन खाली ठेवला. थांबली. मंग थोडं कमी झालं, तं उचलला. अक्षर खराब आलं, पन लिवलं.”

बाप दाराशीच उभा होता. “मी गेटापाशी होतो मॅडम,” तो म्हणाला. “तीन घंटे. गेट जरा वाजलं का मले वाटे, आली. कोनी पानी प्याले बाहेर ये, कोनी पोट दुखते म्हून ये. मी परतेक पोरीचं तोंड पाहो. ही नाई आली. घंटी झाली, सगळ्या पोरी आल्या, तवा त्याइच्या संगं आली.”

एवढं बोलून तो मटकन दुसऱ्या खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. बाहेर बाकावर माणसं होती, त्यातली दोन त्याच्याच गावची. माना वळवून ती आत बघत होती. मी दार लावून घ्यायला पुढे झाले.

“राहू द्या जी,” तो म्हणाला. “पाहू द्या त्याइले.”